साथ संपल्यावर या



हल्ली करोनाचा विषय काढला की घरातली माणसं उठून जातात. "आई, आता पुरे ना ते," असं आमचे चिरंजीव स्पष्टच सांगतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, त्यालाही आता बराच काळ लोटला. मग आज हे कशाला? तर साथ चालू असताना आपण धावपळ करतो, विचार करत नाही. विचार करायचा असतो तो मधल्या शांत दिवसांत, आणि नेमका तेव्हाच आपल्याला कंटाळा येतो. माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस ठाण मांडून बसली आहे, ती आज लिहून टाकते. ती लहान मुलांच्या कानांबद्दल आहे. नाक आणि घसा ओघाने येतीलच, कारण डॉक्टरांनी तिघांना एकाच पाटीखाली बसवलंय आणि देवानेही त्यांना आतून एकमेकांशी जोडून ठेवलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. त्या दोन वर्षांत "मुलाला जपायचं" याचा अर्थ आपण "मुलाला दवाखान्यात न्यायचं नाही" एवढाच घेतला. पालकांनी घेतला, रुग्णालयांनीही घेतला. "आत्ता थांबा" हा सल्ला पुष्कळदा योग्यच होता. पण थांबायला सांगणं हासुद्धा उपचारच झाला ना? गोळ्या लिहून दिल्या की डॉक्टर "पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ" असं लिहितात. थांबायला सांगताना मात्र किती दिवस ते कुणी लिहिलं नाही. "साथ संपल्यावर या," एवढंच. आता साथ संपणं ही काय तारीख आहे?

डॉक्टरांवर टीका करण्याआधी त्यांची बाजू नीट मांडते, नाहीतर ते अन्यायाचं होईल. (आमच्या नात्यात तीन डॉक्टर आहेत आणि तिघंही हे वाचतात.) करोनाच्या विषाणूचं बस्तान नाकात आणि नाकामागच्या पोकळीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरचं तोंड रोग्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यात रोगी चार वर्षांचा असेल तर तो रडणार, शिंकणार, डॉक्टरच्या तोंडावरच खोकणार. बऱ्याच मुलांना लागण होऊनही काही लक्षणं नसायची, त्यामुळे समोरच्या पोराच्या नाकात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. मार्च २०२० मध्ये आपल्या देशात काही ठिकाणी डॉक्टरांनी रेनकोट घालून काम केल्याच्या बातम्या आपण वाचल्या होत्या. कानाचं मोठं ऑपरेशन म्हणजे कानामागचं हाड ड्रिलने कोरणं, आणि त्याचे सूक्ष्म कण हवेत उडतात. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी करोनाने गेलेल्या तीन रोग्यांचे कान तपासले, तर दोघांच्या मधल्या कानात किंवा कानामागच्या हाडात विषाणू सापडला. तेव्हा "तातडीचं नसेल ते पुढे ढकला" असं जगभरच्या तज्ज्ञांनी सांगितलं, ते भेकडपणाने नव्हे. एप्रिल २०२० मध्ये मी डॉक्टर असते तर मीही तेच सांगितलं असतं.

घोळ झाला तो "तातडीचं" या शब्दाचा. हा शब्द मोठ्या माणसाच्या मापाने शिवलेला आहे. माझं वय ७४. मला वर्षभर कमी ऐकू आलं तर गैरसोय होईल, सुनेला ओरडून बोलावं लागेल, पण मी काही मराठी विसरणार नाही. आठ महिन्यांच्या बाळाला वर्षभर ऐकू आलं नाही तर त्याचं नुसतं वर्ष जात नाही. भाषा ज्या वयात आपोआप, न शिकवता आत उतरते ते वयच निघून जातं. म्हणून तर जगभर असा दंडक मानतात की जन्मल्यावर महिन्याच्या आत बाळाचे कान तपासावेत, दोष असेल तर तीन महिन्यांच्या आत त्याचं निदान व्हावं आणि सहाव्या महिन्याच्या आत उपाय सुरू व्हावा. एक, तीन, सहा. आपल्याकडे लॉकडाउन सुरू झाला २५ मार्च २०२० ला. त्या दिवशी जन्मलेलं मूल सहा महिन्यांचं झालं २५ सप्टेंबरला, म्हणजे पहिली लाट अगदी टिपेला पोचली त्याच महिन्यात. हिशेब तुम्हीच करा.

आमच्या नात्यातलं एक मूल ऑगस्ट २०२० मधलं. (त्याच्या आजीला विचारून लिहिते आहे. नाव, गाव लिहीत नाही, आणि ओळखणाऱ्यांनी कमेंटमध्ये लिहू नये ही विनंती.) बाळंतपण तालुक्याच्या गावी, लाटेच्या ऐन मध्यात. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. कान तपासायचा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नाही, सगळ्यांच्या डोक्यात एकच, की आईला आणि बाळाला लवकर घरी न्या. मूल गोंडस, हसरं. वर्षाचं झालं तरी "आ" आणि "बा" च्या पुढे जाईना. आईच्या लक्षात आलं होतं. मिक्सर लावला तरी हा दचकत नाही, मात्र दार आपटलं की बघतो, बहुधा जमीन हादरते म्हणून. तिने एका मोठ्या रुग्णालयात फोन केला. उत्तर मिळालं, सध्या फक्त तातडीच्या केसेस घेतो, साथ संपल्यावर या. तिने पुढे दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला नाही, कारण तोपर्यंत घरच्यांनी तिची समजूत घातली होती, "अगं करोनातलं मूल आहे ते. माणसं बघितलीत कुठे त्याने? बोलेल हळूहळू."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी निदान दहा घरांत ऐकलंय. आणि त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. घरात कोंडलेली, मास्क लावलेली तोंडं बघत वाढलेली मुलं थोडी उशिरा बोलली असतील, नाही असं नाही. पण न ऐकू येणारं मूलही उशिराच बोलतं. बाहेरून दोघं सारखीच दिसतात. दोघांतला फरक कळायला कानाची तपासणी लागते, आणि या आयत्या समजुतीने नेमकी तीच तपासणी नको करून टाकली.

या मुलाला तीन वर्षांचं झाल्यावर अंगणवाडीत घातलं. तिथल्या ताईच्या आठवड्याभरात ध्यानात आलं की हा आपल्याकडे पाहत असला तरच सांगितलेलं करतो, पाठ फिरवली की नाही. तिने आजीला बोलावून सांगितलं. मग बेरा चाचणी झाली. दोन्ही कान जवळजवळ बंद. श्रवणयंत्र मिळालं तेव्हा पोरगं तीन वर्षं दोन महिन्यांचं होतं, कॉक्लिअरचं ऑपरेशन २०२४ मध्ये झालं. आता तो बोलतो. पण त्याच्या वयाची पोरं घरी येऊन शाळेतली भांडणं रंगवून सांगतात, आणि हा अजून शब्दाला शब्द जोडतोय.

मला चीड कशाची येते सांगू? तान्ह्या बाळाच्या कानाची जी पहिली चाचणी असते ना, ओएई म्हणतात तिला, ती झोपलेल्या बाळावर होते. कानात छोटासा बोंडासारखा प्रोब ठेवायचा, काही मिनिटांचं काम. घसा उघडायचा नाही, भूल द्यायची नाही, काही कोरायचं नाही, खोकला नाही की शिंक नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशनला जी भीती होती ती या चाचणीला लागूच नव्हती. तरी पुष्कळ ठिकाणी दोन्ही दारांना एकच कुलूप लागलं. कारण दारावरची पाटी एक!

बरं, थांबण्याने काही मुलांचं भलंच झालं, तेही सांगायला हवं. सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं, मुलाला कमी ऐकू येतं, हे फार सर्रास होतं. यात एरवीही डॉक्टर तीन महिने वाट पाहतात, कारण बऱ्याच वेळा ते आपोआप जातं. इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी लॉकडाउननंतर मुलं तपासली, तर आदल्या वर्षीच्या मानाने हा त्रास कितीतरी कमी झालेला. ते वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. शाळा सुरू झाल्यावर जुलैत पाचवीच्या वर्गात चाळीस नाकं एकाच वेळी वाहायला लागतात हे ज्याने पाहिलंय त्याला कशाला नवल वाटेल? शाळाच बंद, मग एकाची सर्दी दुसऱ्याला लागणार कुठून! तसंच वर्षातून दोन-तीनदा सुजणाऱ्या टॉन्सिलचं. सहा महिने थांबल्याने काही बिघडलं नाही.

पण रात्री घोरणारं, मध्येच श्वास अडकून दचकणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं मूल निराळं. आपल्याकडे "घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय" असा एक गोड गैरसमज आहे. श्वास अडकत असेल तर त्याची झोप तुटत असते, वाढ खुंटते, दिवसा ते चिडचिड करतं आणि वर्गात आम्ही त्याला आळशी म्हणतो. इथे मात्र फोनचा छान उपयोग होता. २५ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, सरकारने डॉक्टरांना फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले होते. झोपलेल्या मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवला तर डॉक्टरला पुष्कळ कळतं. कानाचा पडदा मात्र फोनवर दिसत नाही, त्याला उजेड आणि दुर्बीण लागते. कान दुखतोय, ताप आहे, कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे आलीय, असं असेल तर फोन ठेवायचा आणि निघायचं. वर्षानुवर्षं वाहणारा, घाण वास येणारा कानही लांबवायचा नसतो. त्यातला एक प्रकार आतलं हाड कुरतडत जातो.

आणि ज्याला क्षणाचीही उसंत नाही असं म्हणजे नाकातोंडात गेलेल्या वस्तू. माझ्या नोकरीत मुलांच्या नाकातून काय काय निघालेलं मी पाहिलंय! चिंचोके, हरभरे, मणी, खडूचा तुकडा, पेन्सिलीचं खोडरबर. यातलं बहुतेक थोडा वेळ थांबू शकतं. नाण्यासारखी चपटी बटण बॅटरी मात्र थांबू शकत नाही. खेळण्यात, रिमोटमध्ये, घड्याळात असते ती. ओल्या जागी अडकली की दोन तासांत आतली कातडी जाळायला लागते. अशा वेळी नाकात-कानात तेल, पाणी काही घालायचं नाही. बॅटरीला ओलावा म्हणजे आगीत तेल, आणि कडधान्य असेल तर ते फुगून जास्तच घट्ट बसतं. करोनाच्या चाचणीचा रिपोर्ट येईपर्यंत अशा मुलाला बसवून ठेवणं चूक. त्याला करोना आहेच असं धरून, पूर्ण पोशाख चढवून काम करायचं असतं, आणि बहुतेक डॉक्टरांनी ते केलंही. शेंगदाण्याचं आणखी वाईट. तो श्वासनळीत गेला तर आधी जोराचा ठसका लागतो, मग सगळं शांत होतं आणि पुढे खोकला मागे लागतो. एरवी आई म्हणेल, "परवा दाणे खाताना ठसका लागला होता हो." साथीच्या दिवसांत खोकला म्हटल्यावर कुणाच्या मनात शेंगदाणा येणार? खोकला म्हणजे करोना आणि उशिरा बोलणं म्हणजेही करोना!

घरगुती उपायांबद्दल मी बोलले की आमच्या जाऊबाई रागावतात, पण बोलते. वाफ. २०२० आणि २०२१ मध्ये घराघरांत दिवसातून तीन वेळा पातेलं चुलीवर. मोठ्यांना निदान बरं वाटतं. मुलाच्या तोंडापुढे उकळतं पातेलं धरणं म्हणजे संकटाला आमंत्रण. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी २०२० मध्येच लिहिलं होतं की वाफ घेताना भाजलेली मुलं त्यांच्याकडे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येत आहेत. दुसऱ्या लाटेत ती कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी व्हॉट्सॅपवरून फिरली, हुंगल्याने म्हणे ऑक्सिजन वाढतो. तो काही वाढत नाही. आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, ही पुरचुंडी तर मुलांच्या गळ्यात बांधलेली मी पाहिली. कानात कोमट तेल घालायची तर आपली पिढ्यान्पिढ्यांची सवय. पडदा फाटलेला असेल तर ते तेल सरळ आत जातं, आणि पडदा फाटलाय की नाही हे आजीला बाहेरून दिसत नाही, मग ती कितीही अनुभवी असो.

ज्या मुलांना आधीच कमी ऐकू येत होतं त्यांचे हाल तर वेगळेच. ही मुलं निम्मं ऐकणं ओठांवरून करतात. एका रात्रीत सगळ्या जगाचे ओठ झाकले गेले. शिवाय मास्कमधून स, श, फ, थ असे बारीक आवाज आणखी पुसट होतात. मास्कचं इलॅस्टिक कानामागे, श्रवणयंत्रही कानामागे, मास्क काढताना यंत्र उडून पडायचं आणि हरवायचं. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क शिवून दिला की हा प्रश्न सुटतो. पाच रुपयांची नाडी, पण हे सुचायला त्या मुलाचा विचार आधी मनात यावा लागतो.

आता माझ्या प्रांतातलं, म्हणजे शाळेचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरला. त्यातली पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात. वाहणारे कान, ऐकण्यातला दोष, हे त्यांच्या यादीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या तेव्हा नुसता अभ्यास बंद झाला नाही, ही चाळणीही बंद झाली. प्राथमिकचे वर्ग बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१ पर्यंत उघडले नाहीत. बहिरं मूल पुष्कळदा शाळेतच सापडतं. हाक मारल्यावर शेजारच्याने कोपरखळी दिली की मग "हजर" म्हणणारं पोर बाईंच्या नजरेतून सुटत नाही. मोबाईलच्या पडद्यावर, नेट तुटत असताना, कुणाच्या लक्षात येणार होतं?

सरकारने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला. हेतू चांगला होता, तक्रार नाही. पण माझं मत असं की त्याआधी एक आठवडा प्रत्येक मुलाच्या कानांना आणि डोळ्यांना द्यायला हवा होता. शाळा बंद होत्या, तरी मुलांना पाच-पाचच्या गटाने अंगणात बोलावता आलं असतं. तांदूळ वाटायला बोलावलंच ना? ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी कसला सेतू?

पुन्हा साथ आली (येऊ नये, पण आली) तर काय बंद करायचं याची यादी सरकार एका रात्रीत करेल. माझी मागणी आहे की काय बंद करायचं नाही याची यादी आत्ताच व्हावी, आणि तान्ह्या बाळांच्या कानाची चाचणी त्यात लसीकरणाच्या शेजारी असावी. लस टोचायला बाळ येतंच, त्याच दिवशी, त्याच खोलीत होईल. आणि कुणाला थांबायला सांगितलं तर कागदावर दिवस लिहून द्यावा, की अमुक तारखेला फोन करा, तोवर अमुक झालं तर फोन न करता या. एवढं लिहायला कारकूनही पुरे.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आणखी एक हिशेब सांगते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलासाठी त्यात वयाची अट पाच वर्षांची आहे. पाचातली दोन साथीत गेली आणि एक "बोलेल हळूहळू" मध्ये गेलं तर उरलं किती? २०२०-२१ मध्ये जन्मलेली पोरं बालवाडी संपवून आता पहिलीच्या उंबरठ्यावर आहेत. सगळी सापडली असतील असं मला वाटत नाही.

वाचणाऱ्यांत शिक्षिका आहेत, भाच्या-पुतण्या आहेत, त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, एक कान त्याच्या बोटाने बंद करायला सांगायचा आणि कुजबुजत्या आवाजात "सात", "चिंच", "पाच", "खडू" असे चार शब्द म्हणून ते परत म्हणायला लावायचे. मग दुसरा कान. मुलाला खेळ वाटतो. अडलं तर वहीत "लक्ष देत नाही" असा शेरा मारू नका. एक चिठ्ठी लिहून आईच्या हातात द्या, म्हणावं याच आठवड्यात कान तपासून घ्या, आणि पुढच्या सोमवारी तिला आठवणीने विचारा.